परमुलखातील नाताळ : वसईचे संत गोन्सालो गार्सिया

ज्युबिलीच्या वर्षी आपल्या धर्मग्रामात कोणकोण धर्मगुरू बाहेरून आले, त्यांनी देऊळ कसे बांधिले, शाळा कशी चालविली, याचे कृतज्ञतेने स्मरण करण्याची रीत आहे. व ती योग्यच आहे. परंतु तेवढ्यावरून मिशनरी म्हणजे नेहमी परदेशातून आपल्याकडे येणारा पुरुष, अशी जी समजूत आपल्या लोकांत रूढ झाली आहे, ती इतिहासाला धरून नाही. आमच्या कोकणपट्टीनेही परमुलखास मिशनरी दिले आहेत. त्यांत अग्रस्थानी असलेले वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांच्या अखेरच्या नाताळाची हकीकत वाचकांपुढे ठेवावी, असे आम्ही योजिले आहे.

वसई इ. स. १५३४ मध्ये पोर्तुगिजांच्या हाती गेली. त्यानंतर सुमारे वीस-बावीस वर्षांनी तेथे गोन्सालोंचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज व आई याच भूमीतील. वसईच्या येशूसंघीय धर्मगुरूंपाशी त्यांचे शिक्षण झाले आणि इ. स. १५७२ मध्ये, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, ते त्यांच्यासमवेत जपानास गेले. ज्या वयात आपली मुले नाताळच्या रात्री आईच्या हातच्या फराळाची वाट पाहतात, त्या वयात या मुलाचा तो सण परक्या भाषेच्या लोकांत गेला.

तथापि नाताळचा सण जपानास तेव्हा अगदीच अपरिचित नव्हता. संत फ्रान्सिस झेवियर इ. स. १५४९ मध्ये कागोशिमा बंदरी उतरले होते. पुढे इ. स. १५५२ च्या नाताळास यामागुची नगरात फादर कोस्मे द तोरेस यांनी नवख्रिस्ती जपानी बांधवांसह जन्मोत्सव साजरा केला. त्या सणास जपानी ख्रिस्तजन 'नातारा' म्हणू लागले. आपला 'नाताळ' हा शब्द ज्या पोर्तुगीज शब्दापासून आला, त्याच शब्दाचे हे जपानी रूप होय. साकाई शहरीची एक गोष्ट फादर लुईस फ्रोइस यांनी लिहून ठेविली आहे. इ. स. १५६५ नंतरच्या त्या धामधुमीत परस्परांशी लढणाऱ्या दोन सैन्यांतील ख्रिस्ती योद्धे नाताळास एकत्र आले, त्यांनी एकत्र मिस्सा ऐकिली व एकाच पंगतीस बसून भोजन केले. परदेशात गेलेला सण तेथील लोकांना आपलासा वाटू लागतो, तो असा.

या मंडळीत गोन्सालोंनी सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षणाचे काम केले व जपानी भाषा उत्तम अवगत करून घेतली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची उत्कंठा होती. ती फळास आली नाही. मग काही काळ त्यांनी व्यापार केला व त्यात जमही बसविला. पण मन रमेना. अखेर मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू म्हणून दाखल झाले. इ. स. १५९३ मध्ये फिलिपाइन्सच्या सुभेदाराने फादर पेद्रो बाउतिस्ता यांस जपानचा सर्वाधिकारी हिदेयोशी याजकडे वकील म्हणून पाठविले, तेव्हा दुभाषी म्हणून गोन्सालो त्यांजबरोबर पुनः जपानास आले. क्योतो येथे या संघाने मठ व कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये उघडली. ओसाका येथील मठास 'बेथलेहेम' हे नाव दिले होते.

मिशनऱ्यांनी देश सोडावा, अशी आज्ञा हिदेयोशीने इ. स. १५८७ मध्येच काढिली होती. पण तिची अंमलबजावणी ढिली होती. इ. स. १५९६ च्या ऑक्टोबरात 'सान फेलिपे' नामक स्पॅनिश गलबत तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागून फुटले व त्यावरील मौल्यवान माल जप्त झाला. आधी पाद्री येतात व मागून फौजा येतात, असा संशय त्यावेळी दरबारात बळावला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फ्रान्सिस्कनांच्या मठांवर पहारे बसले. गोन्सालो क्योतोत अडकले.

अशा पहाऱ्यात त्या वर्षीचा नाताळ आला. ज्या बाळास बेथलेहेमच्या धर्मशाळेत जागा मिळाली नाही, त्याचा जन्मदिवस ओसाकाच्या 'बेथलेहेम' मठात शिपायांच्या देखत उजाडला. वर्षअखेरीस बंदिवानांस तुरुंगात नेले. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोच्या रस्त्यावर चोवीस जणांच्या डाव्या कानांचा भाग कापण्यात आला व गाड्यांत बसवून त्यांची धिंड काढण्यात आली. तीन राजांचा सण याच विटंबनेच्या दिवसांत गेला. मग ऐन हिवाळ्यात नागासाकीची वाट सुरू झाली. वाटेत आणखी दोघे मिळून संख्या सव्वीस झाली. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय व सतरा प्रापंचिक ख्रिस्तजन असा तो मेळा होता. त्यांत चौदा वर्षांचा तोमास कोझाकी होता. मिहारा येथून त्याने आईस लिहिलेले पत्र पुढे त्याच्या हुतात्मा पित्याच्या अंगावर सापडले.

जुन्या रीतीप्रमाणे नाताळचा काळ चाळीस दिवसांचा. २ फेब्रुवारीच्या मेणबत्त्यांच्या सणाने तो पुरा होतो. गोन्सालोंचा तो सगळा काळ पहाऱ्यात, तुरुंगात व वाटेवर गेला. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी, नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीसही जणांस क्रूसावर बांधून भाल्यांनी ठार मारिले. इ. स. १६२७ मध्ये गोन्सालो धन्य ठरले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांस संतपद दिले. भारतभूमीत जन्मलेले ते पहिले संत. वसईजवळील गास येथील देऊळ त्यांच्या नावे आहे.

त्यांचे श्रम व्यर्थ गेले काय? जपानात पुढे ख्रिस्ती धर्मास कडक बंदी झाली, धर्मगुरू उरले नाहीत. तरी १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या उराकामी भागातील काही शेतकरी नव्याने बांधलेल्या ओउरा देवळात आले व आपण त्याच श्रद्धेचे आहोत, असे त्यांनी फादर पेतिजाँ यांस हळूच सांगितले. थंडीच्या महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी आपण प्रभूचा जन्मोत्सव पाळतो, हेही त्यांनी सांगितले. दोन शतकांहून अधिक काळ कोणी धर्मगुरू नसता, शिक्षेचे भय असता, त्या घरांतून नाताळ जिवंत राहिला होता! घर सोडून गेलेल्याने परक्या दारी नेलेला सण तेथील आयांनी आपल्या लेकरांस पोटाशी धरून शिकविला.

आज आपल्या धर्मग्रामांतील किती तरी पुत्र व कन्या धर्मगुरू, धर्मबंधू व धर्मभगिनी होऊन दूरदेशी सेवा करीत आहेत. नाताळच्या रात्री त्यांच्या घरी एक पाट रिकामा असतो, हे त्यांच्या मातापित्यांखेरीज कोणास जाणवते? म्हणून आमची वाचकांस विनंती आहे, की या ज्युबिलीत जे आपल्याकडे आले त्यांजबरोबर जे आपल्यातून गेले त्यांचीही आठवण व्हावी. मध्यरात्रीच्या मिस्सेत त्यांच्यासाठी प्रार्थना व्हावी व सणापूर्वी गावचे एखादे पत्र त्यांच्या हाती पडावे. संत गोन्सालो आपल्या धर्मग्रामावर व त्याच्या दूर गेलेल्या लेकरांवर कृपादृष्टी ठेवोत.