मोटारीचा पंखा आणि पुली : एका शक्तिव्ययाचा इतिहास

मोटारीच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनापासून जी ऊर्जा निर्माण होते तिचा थोडाच भाग चाकांपर्यंत पोहोचतो. उरलेल्या ऊर्जेपैकी बरीचशी एक्झॉस्टच्या नळीवाटे आणि बरीचशी शीतनाच्या पाण्यावाटे वातावरणात जाते. ही निरुपयोगी उष्णता बाहेर टाकण्यासाठी पुन्हा इंजिनाचीच शक्ती वेचावी लागते, हा या यंत्रातील एक विरोधाभास होय. इंजिन, गिअर, ब्रेक यांच्या इतिहासाला अभ्यासकांकडून जो मान मिळाला तो रेडिएटरमागच्या पंख्याला व त्याला फिरविणाऱ्या पट्ट्याला मिळालेला नाही. तथापि मोटारीच्या कार्यक्षमतेविषयीच्या कल्पना शंभराहून अधिक वर्षांत कशा बदलत गेल्या हे पाहावयाचे असल्यास या उपेक्षित भागांइतका बोलका पुरावा दुसरीकडे क्वचितच सापडेल. विशेषतः जीपच्या वंशातील ज्या मोटारींना पुढे स्पोर्ट युटिलिटी व्हेइकल, अर्थात एसयूव्ही, हे नाव मिळाले त्यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहिला.

1886 साली कार्ल बेंझ याने पेटंट घेतलेल्या तीनचाकी गाडीत पंखा नव्हताच. सिलिंडरभोवतीचे पाणी तापून त्याची वाफ होई आणि उणे झालेले पाणी वाटेत भरावे लागे. अल्पशक्तीच्या इंजिनास ही व्यवस्था पुरेशी होती. इंजिने बलवान होऊ लागली तेव्हा मात्र केवळ पाणी वाहून नेऊन भागणे अशक्य झाले. विल्हेल्म मायबाख याने 35 अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीसाठी मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर योजिला, आणि 1901 साली या गाडीने युरोपातील शर्यती गाजविल्या. या रेडिएटरच्या मागे एक लहान पंखा बसविलेला होता. त्याचे प्रयोजन अगदी स्पष्ट होते : गाडी मंद चालत असता समोरून येणारा वारा अपुरा पडतो, ती उणीव त्याने भरून काढावयाची. म्हणजे पंख्याची खरी गरज गाडीच्या मंदगतीत आहे. परंतु त्याला गती द्यावयाची ती इंजिनाने, आणि इंजिनाचा वेग जसा वाढेल तसा पंख्याचाही वाढणार. गरज एका गोष्टीशी निगडित आणि चालना दुसऱ्या गोष्टीशी बांधलेली, ही विसंगती जन्मापासूनच त्याच्यात होती. पुढील सर्व सुधारणा म्हणजे हा बंध सोडविण्याचे, किंवा निदान सैल करण्याचे, प्रयत्न होत.

1908 च्या फोर्ड मॉडेल टी गाडीत हा पंखा सपाट पट्ट्याने फिरविला जाई. सपाट पट्टा घसरतो, ताण धरत नाही, भिजला की कुचकामी ठरतो. अमेरिकेतील डेन्व्हर येथील जॉन गेट्स याने 1917 साली रबर व धागे यांचा पाचरीसारख्या छेदाचा पट्टा बनविला. पुलीच्या खाचेत रुतून बसणारा हा पट्टा पंख्याखेरीज आणखी एकदोन कामे सहज ओढू शकत होता. परिणामी जलपंप, डायनामो आणि पंखा ही तिन्ही एकाच पट्ट्यावर आली. 1941 च्या विलीज जीपमध्ये हीच रचना होती. 2.2 लिटरचे, सुमारे 60 अश्वशक्तीचे इंजिन, समोर चार पात्यांचा पंखा आणि एकच पट्टा. त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नव्हते, आणि जे बिघडे ते रस्त्याच्या कडेला दुरुस्त करता येई.

या रचनेचा उपहास करणे सोपे आहे, पण न्याय्य नव्हे. चाळिसाव्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्रांनी जीपची जुळणी सुरू केली, आणि सह्याद्रीच्या घाटांतून या गाड्या माणसे व ओझी घेऊन चढू लागल्या. पहिल्या गिअरमध्ये चढण चढताना गाडीचा वेग माणसाच्या धावण्याइतका आणि इंजिनाचा वेग मात्र जोराचा असतो. अशा वेळी इंजिनाला जखडलेला पंखा हा दोष नसून वरदान असते, कारण ज्या क्षणी उष्णता सर्वाधिक आणि वारा सर्वांत कमी, त्याच क्षणी तो पूर्ण जोराने फिरतो. जीपचा पंखा अशा कठीण प्रसंगासाठी योजिलेला होता. त्याची किंमत सपाट रस्त्यावर मोजावी लागे.

ही किंमत किती, हे पंख्याच्या गणितावरून समजते. पंख्याने ढकललेली हवा त्याच्या वेगाच्या प्रमाणात वाढते, परंतु त्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. मिनिटास 2000 फेऱ्यांना एखादा पंखा 1 अश्वशक्ती घेत असेल, तर 4000 फेऱ्यांना हवा दुप्पट मिळेल, पण शक्ती 8 पट लागेल. आणि इंजिन 4000 फेऱ्यांवर असताना मोटार बहुधा महामार्गावर वेगाने धावत असते, म्हणजे समोरचा वाराच पुरेसा असतो. जेथे गरज शून्यवत् तेथे खर्च कमाल, असा हा व्यवहार.

मग हा खर्च इतकी वर्षे कोणाच्या डोळ्यांत का सलला नाही? पेट्रोल स्वस्त होते हे एक कारण. दुसरे कारण अधिक मनोरंजक असून ते मोजमापाच्या पद्धतीत दडलेले आहे. अमेरिकेत 1971 पर्यंत इंजिनाची जी अश्वशक्ती जाहिरातीत छापली जाई ती बहुधा पंखा, एक्झॉस्टची संपूर्ण नळी इत्यादी उपांगे बाजूला ठेवून मोजलेली असे. 1972 च्या गाड्यांपासून उपांगांसह मोजलेली ‘निव्वळ’ अश्वशक्ती देण्याची रीत पडली. संक्रमणाच्या वर्षी, 1971 साली, कॅडिलॅक एल्डोराडोच्या 8.2 लिटर इंजिनाचे दोन्ही आकडे उपलब्ध आहेत : जुन्या रीतीने 365, नव्या रीतीने 235. हा सारा फरक पंख्याच्या माथी मारणे चुकीचे ठरेल, कारण त्यात इतर घटकांचा वाटा मोठा आहे. पण जी गोष्ट मापनातच धरली जात नाही ती सुधारण्याची निकड कोणास वाटत नाही, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

तरीही काही कारखान्यांनी या प्रश्नाकडे आधीच लक्ष दिले होते. इंडियानापोलिस येथील श्वित्झर यांचा कारखाना त्यांपैकी एक होय. त्याचा संस्थापक लुई श्वित्झर हा तेथील प्रसिद्ध धावपट्टीवर 1909 साली झालेली मोटारींची पहिली शर्यत जिंकणारा चालक होता. शर्यतपटूने पुढे आयुष्य पंखे आणि जलपंप यांना वाहावे, ही गोष्ट मौजेची खरी. एका पर्यायात पाती लवचिक करण्यात आली, म्हणजे वेग वाढला की ती सपाट होऊन कमी हवा खेचीत. दुसरा पर्याय अधिक टिकाऊ ठरला. त्यात पुली आणि पंखा यांच्यामध्ये सिलिकोनच्या दाट द्रवाचा क्लच घातला जातो. रेडिएटरमधून आलेली हवा तापली की द्विधातूची स्प्रिंग झडप उघडते, द्रव खाचांत शिरतो आणि पंखा पुलीबरोबर फिरू लागतो. हवा निवली की द्रव मागे जातो व पंखा मंदावतो. साठीच्या दशकात अमेरिकन मोटारींत हा क्लच सर्वत्र दिसू लागला. त्याने बंध तोडला नाही, पण सैल केला.

बंध प्रत्यक्षात तुटला तो युरोपात, आणि काटकसरीपेक्षा जागेच्या अडचणीमुळे. इंजिन आडवे बसविले की पट्ट्याचे टोक रेडिएटरकडे न राहता गाडीच्या बाजूकडे वळते. 1959 च्या मिनी गाडीत याच कारणाने रेडिएटर चाकाच्या खोबणीलगत, बाजूस बसवावा लागला. 1969 साली आलेल्या फियाट 128 मध्ये दान्ते जाकोसा याने रेडिएटर पुन्हा समोर आणला आणि त्यामागे विजेच्या मोटरीवर चालणारा, तापमानानुसार आपोआप चालू-बंद होणारा पंखा बसविला. इंजिनाचा वेग कितीही असो, पंखा गरजेपुरताच फिरणार. अडचणीतून निघालेली ही युक्ती काटकसरीची ठरली, आणि 1973 च्या तेलसंकटानंतर तिचे महत्त्व साऱ्यांस पटले. अमेरिकेच्या 1975 च्या ऊर्जाविषयक कायद्याने प्रवासी मोटारींना 1985 पर्यंत गॅलनला सरासरी 27.5 मैलांचे, म्हणजे लिटरला सुमारे 11.7 किलोमीटरचे लक्ष्य घालून दिले. मात्र हलक्या ट्रकांसाठी वेगळी, सौम्य मर्यादा राहिली, आणि जीपवंशीय गाड्या याच वर्गात मोडत. उभे इंजिन, ओढावयाचे ओझे, चढणीचे रस्ते आणि सौम्य कायदा या चौघांनी मिळून एसयूव्हीत पट्ट्याचा पंखा दीर्घकाळ टिकविला.

जीप चेरोकीच्या 4 लिटर सहा-सिलिंडर इंजिनाच्या वातानुकूलित गाड्यांत तर तडजोडच दिसते : एका रुंद रेडिएटरमागे शेजारीशेजारी एक पट्ट्याचा आणि एक विजेचा असे दोन पंखे. हौशी मालकांना ही तडजोड खुपू लागली. भंगारातून फोर्ड टॉरस गाडीचा दुगती विद्युत्-पंखा आणावा, क्लचचा पंखा उतरवावा आणि त्याच्या जागी तो बसवावा, ही रीत अमेरिकेत रूढ झाली. ओढ्याच्या पाण्यातून जाताना पट्टा सैल करण्याची जुनी रीतही त्यामुळे अनावश्यक ठरली, कारण विजेचा पंखा बटणाने बंद होतो. परंतु लाभाचा हिशेब तपासून पाहावा लागतो. 13.5 व्होल्टवर 30 अँपिअर घेणारा पंखा सुमारे 400 वॉट खर्च करतो. आल्टरनेटरची कार्यक्षमता 55 टक्के धरल्यास पट्ट्यावर सुमारे 735 वॉटचा, म्हणजे 1 अश्वशक्तीचा भार पडतो. शिवाय चालू होताना त्याचा प्रवाह कितीतरी अधिक असतो, त्यासाठी जाड तारा व रिले लागतात. तो अधूनमधूनच चालत असल्याने व्यवहार फायद्याचाच आहे. पण थंड हवेत सुटलेला क्लचचा पंखाही फारसे खात नाही, ही गोष्ट जाहिराती सांगत नाहीत.

पुलीचा इतिहासही याच वळणाचा आहे. क्रँकशाफ्टवरची पुली लहान केली, किंवा उपांगांवरच्या पुल्या मोठ्या केल्या, की सारी उपांगे मंद फिरतात. वेग 20 टक्क्यांनी घटविला तर घनाच्या नियमाने पंख्याची शक्ती जवळजवळ निम्मी होते. हा आकडा आकर्षक आहे, आणि ऐंशीच्या दशकापासून फोर्ड मस्टँगच्या शौकिनांत अशा पुल्यांचा व्यापार त्याच्याच बळावर फोफावला. परंतु घनाचा नियम आल्टरनेटरला लागू नाही. त्याचा भार विजेच्या मागणीवर ठरतो. इंजिन 700 फेऱ्यांवर नुसते धडधडत असता 2.4 च्या गुणोत्तराने आल्टरनेटर 1680 फेऱ्या घेतो, तर 20 टक्के कपातीने तो 1344 वर येतो. अशा मंदगतीत त्याच्यापासून मिळणारी वीज झपाट्याने घटते. याच गाडीत विजेचा पंखाही बसविलेला असेल, तर वाहतूक तुंबलेल्या रस्त्यावर पंखा सर्वाधिक वीज मागत असतानाच ती कमीत कमी मिळते. दोन्ही सुधारणा एकेकट्या हितकर, पण एकत्र आल्या की परस्परांना छेद देणाऱ्या, असा हा प्रकार आहे.

याहून गंभीर बाब क्रँकशाफ्टच्या पीळकंपनांची आहे. फ्रेडरिक लँचेस्टर याच्या काळापासून या कंपनांवर उपाय म्हणून शमनयंत्रे योजिली गेली. पुढे अनेक इंजिनांत हे शमनयंत्र क्रँकच्या पुलीतच, रबराच्या थरावर बसविलेल्या जड कड्याच्या रूपाने, सामावून गेले. जे वजन केवळ निरुपयोगी भासते ते क्रँकशाफ्टचे रक्षण करीत असते. अशी पुली काढून तेथे ॲल्युमिनियमची हलकी, एकसंध पुली बसविणारा मनुष्य अंशमात्र शक्ती मिळविण्यासाठी इंजिनाचे आयुष्य पणाला लावतो. लांब क्रँकशाफ्टच्या सरळ सहा-सिलिंडर इंजिनांत हा धोका विशेष असतो.

या सुधारणांचा पुरावा म्हणून बहुधा डायनॅमोमीटरचे आलेख पुढे केले जातात. ते खोटे नसतात, पण एकांगी असतात. मोजणी पूर्ण थ्रॉटलवर आणि उच्च फेऱ्यांपर्यंत होते, म्हणजे घनाच्या नियमामुळे जेथे बचत सर्वांत मोठी दिसते नेमक्या तेथेच. नित्याचे वाहन चालविणे 2000 फेऱ्यांच्या आसपास होते, आणि तेथे तीच बचत अगदी लहान होऊन जाते. 1971 पूर्वीच्या जाहिरातींनी पंख्याचा खर्च मोजलाच नाही. नंतरच्या जाहिरातींनी तो जेथे सर्वाधिक असतो तेथेच मोजला.

कारखान्यांनी यातून वेगवेगळ्या वाटा काढल्या. 1999 च्या ग्रँड चेरोकीच्या 4.7 लिटर इंजिनाशी पंख्यासाठी तेलाच्या दाबावर चालणारी मोटर जोडण्यात आली. 2009 साली आलेल्या तिसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसच्या इंजिनावरून उपांगांचा पट्टाच नाहीसा झाला. तिचा जलपंपही विजेवर चालतो. ओझी ओढणाऱ्या मोठ्या गाड्यांत मात्र सिलिकोनच्या द्रवाचा क्लच अद्याप टिकून आहे. फरक इतकाच की अनेक ठिकाणी त्याची झडप आता द्विधातूच्या स्प्रिंगऐवजी इंजिनाच्या संगणकाच्या आज्ञेने उघडते.