इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंदी व प्रतिजैविकांचा वापर

रुग्णाची लक्षणे, निदान, तपासण्या व औषधे यांच्या संगणकीय नोंदींच्या आधारे प्राथमिक आरोग्यसेवेतील प्रतिजैविकांचा, म्हणजे अँटिबायोटिक औषधांचा, अनावश्यक वापर कमी करण्याची पद्धत. सर्दी, फ्लू व बहुतेक खोकले विषाणूंमुळे होतात. प्रतिजैविके चालतात ती फक्त जीवाणूंवर. गरज नसताना ती दिल्यास गुण येत नाही, उलट जुलाब होऊ शकतात किंवा पुरळ उठू शकते आणि औषधाला दाद न देणारे जीवाणू फोफावतात. ब्रिटनमध्ये बहुतांश प्रतिजैविके फॅमिली डॉक्टरच लिहून देतात. त्यामुळे सुधारणेला सर्वाधिक वाव तेथेच आहे.

स्वरूप : नोंदी दोन प्रकारे कामी येतात. औषध लिहिताना संगणक निदानानुसार सल्ला देतो किंवा कारण विचारतो. पुढे ठरावीक काळाच्या नोंदी एकत्र करून डॉक्टरांना त्यांच्या औषधे लिहिण्याच्या सवयीचा हिशेब दाखवला जातो. एकामागून एक रुग्ण तपासताना हा हिशेब एरवी लक्षात येत नाही.

अमेरिकेतील प्रयोग : बॉस्टन व लॉस एंजेलिस येथील ४७ केंद्रांतील २४८ चिकित्सकांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एका पद्धतीत श्वसनविकारासाठी प्रतिजैविक लिहिताच संगणक समर्थन मागे. ते रुग्णाच्या नोंदीत इतरांना दिसेल असे राही. रकाना रिकामा सोडल्यास ‘समर्थन दिलेले नाही’ अशी नोंद होई. या गटात अनावश्यक प्रतिजैविकांचे प्रमाण २३.२ टक्क्यांवरून ५.२ टक्क्यांवर आले. सहकाऱ्यांशी तुलना कळवणाऱ्या मासिक ई-मेलमुळे ते १९.९ वरून ३.७ टक्के झाले. तुलनेसाठीच्या गटातही ते २४.१ वरून १३.१ टक्क्यांपर्यंत घटले होते. तरी या दोन्ही पद्धतींचा जादा परिणाम स्पष्ट होता. केवळ पर्यायी उपचार सुचवण्याचा जादा परिणाम मात्र सिद्ध झाला नाही.

ब्रिटनमधील ‘रिड्यूस’ चाचणी : २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ७९ दवाखाने होते. निम्म्याहून थोड्या अधिक दवाखान्यांना प्रशिक्षण, मासिक अहवाल व संगणकीय सल्ला मिळाला. तेथे श्वसनविकारांसाठी प्रतिजैविके लिहिण्याचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी कमी राहिले. गंभीर जीवाणुजन्य गुंतागुंत वाढल्याचे आढळले नाही. हे महत्त्वाचे, कारण ‘औषध दिले नाही आणि आजार बळावला तर?’ ही धास्ती प्रत्येक डॉक्टरला असते. १५ वर्षांखालील मुले व ८५ वर्षांवरील वृद्ध यांच्या बाबतीत मात्र फरक पडला नाही.

मर्यादा : ब्रिटनमधील नोंदींच्या एका अभ्यासात सुमारे एक तृतीयांश प्रतिजैविकांचा कोणत्याही आजाराशी संबंध लावता आला नाही. निदानच नोंदले नसेल, तर औषध योग्य होते का हे ठरवता येत नाही. वारंवार येणाऱ्या सूचनांकडे दुर्लक्ष होते. अमेरिकेतील प्रयोग थांबल्यावर त्याचा परिणामही ओसरू लागला. म्हणून हे काम सातत्याने चालू ठेवावे लागते.

भारत : २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमुळे अशा नोंदी जोडण्याची व्यवस्था आकार घेत आहे. अनेक दवाखान्यांत मात्र अजूनही केसपेपर आणि हाताने लिहिलेली चिठ्ठीच चालते. त्या चिठ्ठीवर औषधाशेजारी निदान लिहिण्याची सवय संगणकाची वाट न पाहता आजच लावता येते, आणि पुढच्या सर्व सुधारणांचा पाया तोच आहे.