राजकीयदृष्ट्या

अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत २०२३ च्या ऑगस्टअखेरीस मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं आणि एक लांबलचक शब्द जालन्याच्या पारावर रुळला: 'शैक्षणिकदृष्ट्या मागास'. त्याचा भाऊ 'राजकीयदृष्ट्या' मात्र दुर्लक्षित राहिला.

इंग्रजीतल्या 'पोलिटिकली'चा हा आपला प्रतिशब्द. 'पोलिटिकली'च्या मुळाशी ग्रीक 'पोलिस' म्हणजे नगर. आपल्या 'राजकीय'च्या मुळाशी राजा. 'दृष्ट्या' हे 'दृष्टि'चं संस्कृत तृतीयेचं रूप, म्हणजे 'दृष्टीने'. ते मागच्या शब्दाला जोडूनच लिहायचं. फलकांवर दिसणारं 'दृष्टया' चूकच. त्याचा अर्थ 'पाहिलेलीने' असा काहीतरी होतो!

पण खरी मेख अर्थात आहे. राज्याचा २०२४ चा मराठा आरक्षण कायदा सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागासांसाठी आहे; तो शिक्षण आणि नोकरीपुरता. ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेतल्या राखीव जागा त्यात येत नाहीत. सामाजिक-आर्थिक मागासलेपण म्हणजे राजकीय मागासलेपण असेलच असं नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं, आणि २०२१ मध्ये ओबीसींच्या स्थानिक आरक्षणासाठी वेगळी आकडेवारी मागितली. मराठ्यांना ओबीसींतला कुणबी दाखला मिळाला तर मात्र या राखीव जागांचंही दार उघडतं. जवळच्याच वडीगोद्रीत २०२४ मध्ये ओबीसींचं उपोषण झालं, त्यामागची धास्ती इथे कळते.

तेव्हा भाषणात नुसतं 'मागास' ऐकलंत, की विचारा: कोणत्या दृष्टीने?