तळटीप : स्टेटचार्ट

* स्टेटचार्ट : इस्रायली संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड हॅरेल यांची आरेखनपद्धत. ‘लावी’ या लढाऊ विमानाच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेसाठी सल्लागार असताना त्यांना ती सुचली, निबंध १९८७चा. चालू-बंद अशा दहा स्वतंत्र घटकांच्या जुन्या अवस्था-आकृतीत १,०२४ चौकटी भरतात. हॅरेल यांनी तुटक रेषांनी समांतर कप्पे पाडले आणि काम वीस चौकटींत भागवले. लेखक येथे पद्धतीला ‘प्रोग्रामरची सोय’ म्हणतात, ते तोकडे वाटते. फळ्यावरची आकृती पाहून, ही पद्धत कधी न शिकलेल्या हवाई दलाच्या वैमानिकाने त्यातला एक बाण चुकल्याचे दाखवले होते. विमान प्रकल्प १९८७मध्येच गुंडाळला गेला. आकृत्या मात्र पुढे यूएमएल या सॉफ्टवेअर-आरेखनाच्या भाषेत शिरल्या. — संपा.