मालवाहतुकीतील हवेच्या पिशव्या : पोलादनगरी भिलाईच्या संदर्भात एक परिचय

भिलाई (छत्तीसगड) : कंटेनर, मालडबा किंवा ट्रकमध्ये माल भरल्यानंतर दोन रासांच्या मध्ये जी पोकळी उरते, ती भरून काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फुगवता येणाऱ्या पिशवीला ‘डनेज बॅग’ किंवा सोप्या भाषेत हवेची पिशवी असे म्हणतात. रिकामी असताना ही पिशवी घडी घालून कोपऱ्यात ठेवता येते. पोकळीत सोडून तिच्यात दाबाची हवा भरली की ती दोन्ही बाजूंच्या मालावर टेकते आणि त्याला जागेवरून सरकू देत नाही. भिलाईसारख्या अवजड मालाच्या शहरात या साधनाचे महत्त्व जसे समजून घेणे आवश्यक आहे, तशाच त्याच्या मर्यादाही.

भिलाई आणि तेथील माल

भिलाई पोलाद कारखान्यासाठी भारत आणि तत्कालीन सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला. त्या वेळी मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. म्हणजे या कारखान्याचा पाया घालण्याच्या काळात भिलाईचा कारभार नागपुरातून चालत असे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आज भिलाई मुंबई–नागपूर–हावडा या लोहमार्गावरील प्रमुख औद्योगिक केंद्र आहे. शेजारच्या दुर्ग स्थानकापासून नागपूर सुमारे २६५ किलोमीटर, तर मुंबई सुमारे १,१०० किलोमीटर अंतरावर आहे.

येथून रूळ, जाड पत्रे, सळया व तारेची वेटोळी बाहेर पडतात. २६० मीटर लांबीचे जोडरूळ विशेष मालगाड्यांवर पक्क्या पकडींमध्ये बसवून नेले जातात. अशा मालाला हवेची पिशवी उपयोगाची नाही. धारदार कडा तिला फाडतात आणि एकाच ठिकाणी एकवटलेले प्रचंड वजन तिला पेलत नाही. तेथे साखळ्या, लाकडी ठोकळे, पाचरी आणि पोलादी पट्टे हेच साधन ठरते. मात्र पोलाद उद्योगाच्या परिसरात केवळ पोलादच हलवले जात नाही. भट्टीच्या अस्तराच्या विटा, पिंपांत भरलेली रसायने, यंत्रांचे सुटे भाग, मोठ्या पोत्यांतील भुकटी असा पाटांवर रचलेला मालही मोठ्या प्रमाणावर ये-जा करतो. हवेच्या पिशवीचे खरे कार्यक्षेत्र हेच आहे.

पोकळी का उरते?

प्रमाणित मालवाहू कंटेनरची आतील रुंदी सुमारे २.३५ मीटर असते. एक मीटर रुंदीचे दोन पाट शेजारी शेजारी ठेवले, तर ३५ सेंटीमीटर जागा रिकामी राहते. वाहन उभे असताना ही जागा निरुपद्रवी वाटते. प्रवास सुरू झाला की चित्र पालटते. मालभरणीविषयी आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा युरोपीय आर्थिक आयोग यांनी २०१४ मध्ये जी संयुक्त संहिता स्वीकारली, तिच्यानुसार रस्त्यावर जोराचा ब्रेक लागल्यास मालाच्या वजनाच्या ०.८ पट बल पुढे, तर वळणावर ०.५ पट बल बाजूला लागू शकते, असे गृहीत धरावे लागते. खवळलेल्या समुद्रात बाजूचे हे बल ०.८ पटीपर्यंत जाते.

दहा टन मालावर वळणावर पाच टनांचे बल लागले आणि तळाच्या घर्षणाने त्यातील तीन टन पेलले, तरी उरलेले दोन टन कशाने तरी अडवावेच लागतात. मोकळी जागा मिळाली की माल वेग घेतो आणि धक्का कितीतरी पटीने वाढतो.

रचना आणि कार्य

पिशवीच्या आत हवा धरून ठेवणारी प्लॅस्टिकची थैली आणि बाहेर मजबूत क्राफ्ट कागदाचे थर किंवा विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचे आवरण असते. एका कोपऱ्यात झडप असते. हलक्या प्रतीच्या पिशव्यांत साधारणपणे ०.२ बार इतकाच दाब ठेवला जातो. मोटारीच्या चाकातील हवेच्या तुलनेत हा दाब फारच कमी आहे. परंतु तो मोठ्या पृष्ठभागावर पसरतो. ०.२ बार दाब म्हणजे एक चौरस मीटरवर सुमारे दोन टनांचे बल. वरील उदाहरणातील उरलेले बल यामुळे कागदावर तरी पेलले जाते. प्रत्यक्षात पोकळी जितकी रुंद, तितकी पिशवी गोलाकार होते आणि मालाला टेकणारे तिचे क्षेत्र घटते. म्हणूनच उत्पादकाने ठरवून दिलेल्या रुंदीपेक्षा मोठ्या पोकळीत पिशवी वापरू नये आणि हिशेबात पुरेशी सूट ठेवावी, असा दंडक आहे.

लाकडाऐवजी पिशवी

पूर्वी ही पोकळी लाकडी फळ्या व ठोकळ्यांनी भरली जात असे. लाकडातून किडींचा प्रसार होतो म्हणून २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण नियमांतर्गत निर्यातीच्या लाकडी वेष्टनावर प्रक्रिया करणे आवश्यक ठरले. उष्णता प्रक्रियेत लाकडाच्या गाभ्याचे तापमान सलग ३० मिनिटे ५६ अंश सेल्सिअस राखून तसा शिक्का मारावा लागतो. कागद आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांना ही अट लागू नाही. त्या हलक्या असतात आणि बसवायला कमी वेळ लागतो. मात्र वापरानंतर कागद आणि आतील प्लॅस्टिक वेगळे केल्याशिवाय त्यांचा पुनर्वापर नीट होत नाही.

तापमानाचा परिणाम

छत्तीसगड आणि विदर्भातील उन्हाळ्यात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो. पहाटे २० अंश तापमानात ०.२ बारपर्यंत भरलेली पिशवी बंद कंटेनरमध्ये ५० अंशांपर्यंत तापली आणि तिचे आकारमान तेवढेच राहिले, तर दाब ०.३२ बारपर्यंत वाढतो. उलट, ४५ अंशांच्या दुपारी भरलेली पिशवी रात्री १५ अंशांवर आली की तिच्यातील दाब निम्म्याहूनही कमी होतो. पहिल्या स्थितीत पिशवी फुटण्याचा, तर दुसऱ्या स्थितीत माल सैल पडण्याचा धोका असतो. घाट चढतानाही बाहेरचा हवेचा दाब दर १०० मीटरला सुमारे ०.०१ बारने घटतो.

घ्यावयाची काळजी

पिशवी भरताना दाबमापक वापरावा आणि मालाच्या दोन रासांच्या मध्ये कोणीही उभे राहू नये. खिळे, पट्ट्यांची टोके व धारदार कडा यांवर पुठ्ठा किंवा प्लायवूड लावावे. पिशवी जमिनीला टेकू देऊ नये. भरल्यानंतर काही वेळाने दाब पुन्हा तपासावा.

सर्वांत महत्त्वाची सूचना दरवाजाविषयी आहे. कंटेनरच्या दरवाजाला टेकून फुगवलेली पिशवी ठेवल्यास कडी काढताच दार झटक्याने उघडून समोरच्या माणसावर आदळू शकते. त्यामुळे पुरेशी खबरदारी घेतल्याशिवाय दरवाजालगत ती वापरू नये, असे आंतरराष्ट्रीय संहिता बजावते. हे दार उघडणारा माणूस बहुधा हमाल किंवा चालकाचा मदतनीस असतो, आणि आत काय भरले आहे हे त्याला ठाऊक नसते. माथाडी कामगारांसाठी १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा करणाऱ्या महाराष्ट्रात या जोखमीचे गांभीर्य वेगळे सांगण्याची गरज नाही.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार वाहनाच्या मर्यादेबाहेर डोकावणाऱ्या मालासाठी २० हजार रुपये दंड आणि माल उतरवण्याचा खर्च अशी तरतूद आहे. सळयांच्या वाहतुकीसाठी ती महत्त्वाची आहे. आत भरलेला माल कसा रोखला आहे, हे मात्र रस्त्यावरील तपासणीत सहज दिसत नाही. त्याची जबाबदारी मुख्यतः माल भरणाऱ्यावरच येते. भिलाईत दार बंद करताना घेतलेली किंवा न घेतलेली काळजी शेकडो किलोमीटरवर ते दार उघडणाऱ्याच्या वाट्याला येते.