टकलाच्या औषधाची गोष्ट

मंडळी, जत्रेत एखादा तेलवाला बाटली उंच धरून ओरडताना आपण पाहिलाच असेल. ‘महिन्यात केस, नाही तर पैसे परत!’ पंचविशीत माझे कपाळ मागे सरकू लागले, तेव्हा त्या गर्दीत मीही उभा होतो, हे आधीच कबूल करतो. तीन बाटल्या संपल्या, केस काही आले नाहीत. आणि पैसे मागायला गेलो, तो तेलवाला पुढच्या जत्रेला निघून गेलेला! पुढे इतिहास शिकवू लागलो, तेव्हा कळले की ही फसगत माझ्या एकट्याची नव्हे. ती फार जुनी आहे.

इजिप्तमधला ‘एबर्स पपायरस’ हा वैद्यकग्रंथ इसवी सनापूर्वी सुमारे १५५० चा. सिंह, पाणघोडा, मगर, मांजर आणि साप यांची चरबी टकलावर चोळावी, असा उपाय त्यात आहे. आपल्याकडे सुश्रुतानेही केस जाण्याचा विचार ‘इंद्रलुप्त’ या नावाने केला. रोमचा ज्यूलियस सीझर टक्कल झाकण्यासाठी पानांचा विजयमुकुट आवडीने घाली, असे सुटोनियस लिहितो. त्या सीझरची ही गत, तर आपली काय कथा!

खरा धागा मात्र निराळ्याच ठिकाणी सापडला. खोजांना टक्कल पडत नाही, असे ग्रीक वैद्य हिपोक्रेटीस याच्या नावावरील वचनांत नोंदलेले आहे. असे का, हे मात्र दोन हजारांहून अधिक वर्षे कुणाला उलगडले नाही. १९४२ साली अमेरिकेत जेम्स हॅमिल्टन यांनी ते तपासले. अंडकोश काढलेल्या पुरुषांना त्यांनी पौरुषाचा अंतःस्राव औषधरूपाने दिला. ज्यांच्या घराण्यात टक्कल होते, त्यांचे केस जाऊ लागले. औषध थांबवताच केस जाणेही थांबले. पण गेलेले परत आले नाहीत. म्हणजे आनुवंश आणि अंतःस्राव, दोन्ही जुळले की टक्कल पडते. टोपीचा यात काही दोष नाही, आणि माणसाचाही नाही.

औषध सापडले तेही योगायोगाने. रक्तदाबासाठी दिलेल्या मिनॉक्सिडिलने रोग्यांच्या अंगावर केस वाढू लागले. तेव्हा तेच औषध डोक्याला लावून पाहिले. १९८८ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. १९९७ साली फिनॅस्टराइड ही पुरुषांसाठीची गोळी आली. ही औषधे सर्वांना सारखी लागू पडत नाहीत, आणि बंद केली की मिळालेला गुणही जातो. म्हणून ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत.

आता शिक्षकबंधू-भगिनींसाठी दोन शब्द. केस गेले म्हणजे दर वेळी हेच टक्कल नव्हे. विषमज्वरानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस झडतात; ते बहुधा आपोआप परत येतात. अंगात लोह कमी असले, गळ्यातील थायरॉइड ग्रंथी बिघडली, तरीही केस झडतात. तेथे मूळ दुखण्यावरच उपचार हवा. पैशाएवढा गुळगुळीत गोल चट्टा पडला, तर ती चाई. शरीराची संरक्षक शक्तीच चुकून केसांच्या मुळांवर उलटते, म्हणून ती होते. चाई एकाची दुसऱ्याला लागत नाही. मात्र मुलाच्या डोक्यावर कोंड्यासारखे पापुद्रे, खाज आणि तुटलेले केस दिसले, तर तो नायटा असू शकतो. तो संसर्गाने पसरतो. तेलाने जात नाही. त्यावर पोटात घ्यायची औषधे उपलब्ध आहेत.

असा मुलगा वर्गात आला, की पोरे त्याला चिडवतात आणि मोठी माणसेही दूर बसवतात. मग तो टोपी काढीनासा होतो आणि हळूहळू शाळाच सोडतो. तेव्हा त्याच्या आईबापांना बोलावून सांगा की बाटलीवर पैसे घालवू नका, मुलाला सरकारी दवाखान्यात दाखवा. आणि वर्गाला चाईची गोष्ट समजावून सांगा. एवढे केलेत, तरी माझ्या तीन बाटल्यांचे पैसे वसूल झाले, असे मी समजेन.