वाढ मोजायची कशी? एकाच शहराचे चार आकडे
'अमुक ॲपची १०० टक्के वाढ' असं वाचून फारसं काही कळत नाही. १० युजर्सचे २० झाले, तरी १०० टक्केच! आधी विचारा: काय मोजलं आणि किती काळात?

छत्रपती संभाजीनगरचंच उदाहरण घ्या. जनगणनेनुसार महापालिका हद्दीतली लोकसंख्या २००१ मध्ये ८.७३ लाख होती, २०११ मध्ये ११.७५ लाख झाली.

• निव्वळ वाढ: ३.०२ लाख.
• टक्केवारी: दहा वर्षांत ३४.६ टक्के.
• वार्षिक दर: सुमारे ३ टक्के. ३४.६ ला १० ने भागून चालत नाही, कारण चक्रवाढ व्याजासारखी इथे वाढीवरही वाढ होते.
• दुप्पट व्हायला लागणारा काळ: ७० भागिले ३, म्हणजे साधारण २३ वर्षं.

जीवशास्त्रात हे शेवटचं माप फार वापरतात. अनुकूल वातावरणात ई. कोलाय जिवाणू सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतात. अर्थशास्त्रात जीडीपीची खरी वाढ काढताना महागाईचा परिणाम वगळतात. बालरोगतज्ज्ञ बाळाचं वजन त्याच वयाच्या बाळांच्या तक्त्याशी ताडून बघतात.

माप बदललं की किती फरक पडतो? २००१ ते २०११ चाच वेग धरून २०३१ चा हिशोब मांडा. सरळ बेरजेने १७.८ लाख येतात, चक्रवाढीने २१.३ लाख. मधल्या साडेतीन लाख लोकांना माणशी १३५ लिटर धरलं, तर जायकवाडीतून रोज सुमारे पावणेपाच कोटी लिटर पाणी जास्त आणावं लागेल.